फ्लेक्सवरचा गुप्तहेर

माझ्या हातनं झालेला घोळ अख्ख्या घोडेगावाला ठाऊक आहे, मग तुमच्यापासून काय लपवायचं, राव?

गावात माझं फ्लेक्स छापायचं दुकान. माझी भाची सायली अवसरीला इंजिनिअरिंग शिकली, पण जीव सगळा चित्रात. तिनं कॉमिक काढायला घेतलं. गोष्ट अशी, की धरणाकाठच्या एका सुनेच्या अंगात येतं आणि जुन्या, पाण्याखाली गेलेल्या गावात खून झालेली पोर तिच्या तोंडून बोलायला लागते. मग भुताखेतांचा माग काढणारा गुप्तहेर येतो.

सायलीनं विचारलं, मामा, चित्रासाठी तुमचे फोटो काढू का? मी लगेच मिशीला कंगवा लावला. ती म्हणाली, उशीचा गळा दाबा. दाबला. पोतं खांद्यावर टाकून मागं वळून बघा. बघितलं. मला वाटलं, गुप्तहेर भुताशी झुंजतोय. पोत्यात भूतच असणार, दुसरं काय?

प्रकाशनाच्या आदल्या दिवशी तिला न सांगता एसटी स्टँडसमोर भला मोठा फ्लेक्स लावला. काळा गॉगल घातलेला मी आणि खाली 'भुतांचा कर्दनकाळ'.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात कॉमिक हातात आलं आणि खरं सांगतो, पहिल्याच पानाला गार झालो. उन्हाळ्यात पाणी हटल्यावर वर आलेला देवळाचा कळस, त्या सुनेचे डोळे... काय हात आहे पोरीचा! वाचता वाचता स्वतःला शोधायचंच विसरलो. गुप्तहेर तर एक उंच बाई निघाली. शेवटच्या पानावर तिनं खुन्याच्या तोंडावर बॅटरी मारली. उजेडात मी. खांद्यावर पोतं. माझ्याच चेहऱ्याची मला भीती वाटली, एवढं जिवंत चित्र.

शेजारी बसलेल्या पारगावच्या पाव्हण्यांनी खुर्ची जरा लांब सरकवली. बायको हळूच म्हणाली, "अहो, आधी तो फ्लेक्स उतरवा."

शिडी घेऊन स्टँडवर पळालो. तिथं उभ्या गाडीच्या खिडकीत एक जण कार्यक्रमातनं घेतलेलं तेच कॉमिक वाचत व्हता. एकदा पानाकडं बघायचा, एकदा माझ्याकडं. शेवटी म्हणाला, "भाऊ, त्या पोरीला कशापायी मारलंत?"

संध्याकाळी सायलीला विचारलं, "मामाला गुप्तहेर का नाही केलंस गं?"

ती जरा घुटमळली. मग मायेनं म्हणाली, "मामा, गुप्तहेराला समोर काय चाललंय ते कळावं लागतं."