गाजलेल्या गाण्यांचा सूड

मावशीने व्यायामशाळेतल्या नव्या मास्तराला भर वर्गात लाथ मारली, अशी आवई गल्लीभर उठली आहे. साफ खोटं. मावशी तेव्हा बाहेर काउंटरवर टॉवेलच्या घड्या घालत होती. लाथ मारली ती पहिल्या रांगेतल्या बायकांनी, सगळ्यांनी मिळून, आणि ठेक्यात. मावशीने फक्त ती लाथ कित्येक वर्षं खपून तयार केली होती.

माझी ही मावशी, जिला आता सगळी दुनियाच मावशी म्हणते, फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये सकाळी बायकांचा व्यायामवर्ग घेते. आधी ती सिनेमाची गाणी लावायची. पण शब्द आले की बायका गायच्या, आणि गायल्या की दम लागून बसकण मारायच्या. शेवटी वैतागून ती सीडीच्या दुकानात गेली नि म्हणाली, "शब्द नसलेलं काहीतरी द्या. पण झोप नको यायला." दुकानदाराने धूळ खात पडलेली एक सीडी झटकून हातात ठेवली. इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकमधली गाजलेली गाणी, दहा जणांची दहा तऱ्हांची, एकाच मोळीत बांधलेली.

घरी पहिलं गाणं लागलं तेव्हा मावशीला वाटलं, धुण्याचं मशीन बिघडलं. धुम्-च्स, धुम्-च्स. दुसऱ्या गाण्याला वाटलं, शेजारी भिंत पाडताहेत. तिसऱ्याला तिच्या लक्षात आलं की ओटा केव्हाच पुसून झालाय, तरी आपला हात पुसतोच आहे. आणि कसा पुसतोय! झोकात!

गाणी कुणाची, कुठली, हे तिला आजही ठाऊक नाही. तिने आपली आपली नावं ठेवून दिली. पंपवालं, घसरगुंडी, डास, आणि सगळ्यांत लाडकी रुसकी. रुसकी चढत चढत जाते, ऐन वेळी फुरंगटून गप्प होते, श्वासभरच, आणि मग अशी काही फुटते की बस्स. ती फुटली की उजवा पाय सरळ समोर, कमरेइतका उंच. हे बायकांच्या अंगात इतकं मुरलं होतं की वर्गातल्या पोस्टातल्या बाईंच्या नातवाने एकदा घरी ते गाणं लावलं, तर बाईंनी टीपॉय उडवला.

घरात मावशी कुणाची सून, कुणाची वहिनी, कुणाची आणखी कोण. या हॉलमध्ये मात्र तिने हात वर केला की खोलीभर हात वर जायचे. तिचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं.

मग आला नवा मास्तर, हॉलच्या मालकाचा भाचा. त्याने मावशीची सीडी प्लेयरमधून दोन बोटांनी उचलली, मेलेली पाल शेपटीला धरून उचलावी तशी.

"म्हणजे कसंय ना मावशी, बेसिकली, हे संगीतच नाहीये. हे चावून टाकलेले तुकडे आहेत. ऐकायचा असतो तो अल्बम. अख्खा. अल्बम हा एक," इथे डोळे मिटले, एक बोट वर गेलं, "प्रवास असतो."

(ही नक्कल मी फर्माईशीवर करते. बोट वर जाताना नाकपुड्याही फुगवायच्या, तेच खरं कसब.)

बायकांनी तिथल्या तिथे त्याचं नाव अल्बम ठेवलं. पण तेवढ्याने काय होतंय? त्याने ती सीडी टेबलावर ठेवली आणि तिच्यावर आपला चहाचा कप टेकवला. भर वर्गात, सगळ्यांसमोर.

आणि मालक म्हणाले, "ताई, नवीन काही येऊ दे की. वर्ग भाचा बघेल, तुम्ही काउंटर सांभाळा."

मावशी गप्प झाली की आमच्या घरात भांडीसुद्धा जपून वाजतात. सीडीवरचं चहाचं गोल कडं रुमालाने पुसत ती मला म्हणाली, "तो मला रडायला हवाय. वर्ग काय, मग आपोआप येईल."

काउंटरवर ती साखरेसारखी वागायला लागली. मास्तर, टॉवेल. मास्तर, पाणी. मास्तर, दमलात का? अल्बम फुशारला. एक दिवस स्वतःच सांगायला आला, "उद्या बायकांचं ते लाडकं गाणं मूळ अल्बममधलं लावतोय. अख्खं. मावशी, त्यात मधे केवढी शांतता आहे! तुमच्या सीडीवाल्यांनी नेमकी तीच छाटलीय."

मावशीचा हात घडीवर थबकला. "केवढी म्हणालात?"

"अहो, माणूस हॉल ओलांडून येईल एवढी."

"अगंबाई! मग तेव्हाच समजावा ना त्यांना. पण लांबून नको हं. पहिल्या रांगेच्या अगदी पुढ्यात उभे राहा. कमी ऐकू येतं बिचाऱ्यांना."

बायकांना तिने एका शब्दाने कल्पना दिली नाही. दिली असती तर त्यांनी लाथ जपून मारली असती.

दुसऱ्या दिवशी रुसकी चढली. दाराबाहेर मावशी टॉवेल छातीशी धरून उभी. रुसकी गप्प झाली. श्वास सरला, तरी गाणं फुटेना. आत बायका डाव्या पायावर भार टाकून अडकलेल्या, तोंडं उघडी. अल्बम चालत पुढे आला. डोळे मिटलेले. बोट वर.

"ऐका. ही शांतता ऐका. बेसिकली हा एक प्र—"

धुम्!

पोस्टातल्या बाईंचा पाय पोटात बसला, बाकीच्यांचे जिथे पोचले तिथे. अल्बम मागे चटयांच्या ढिगावर जाऊन आदळला. फारसं लागलं नाही. पण सावरून उभा राहतोय तोच गाणं दुसऱ्यांदा फुटलं.

बाहेर मावशीने टॉवेल तोंडात कोंबला.

मालक धावत आले. "अहो, हे काय?"

"आम्ही कुठं काय केलं? पाय गेला," पोस्टातल्या बाई म्हणाल्या. "माझे पाय माझं ऐकत नाहीत मालक. ज्यांचं ऐकतात त्यांना तुम्ही काउंटरवर बसवलंय." बाकीच्या बायकांनी चपला घालायला घेतल्या. मग मालकांना सगळं पटकन समजलं.

मावशी वर्गावर परतली आणि अल्बम काउंटरवर गेला. पहिल्याच सकाळी त्याने घडी घातलेला टॉवेल तिने झटकून उलगडला. "मास्तर, कोपऱ्याला कोपरा." त्याने घडी घातली. तिने पुन्हा उलगडला. हे रोज चालायचं, आणि मावशीला रोज तितकीच मजा यायची.

पुढे पुढे काउंटरखाली अल्बमचा पाय हलायला लागला. पंपवाल्याला हळू, डासाला जोरात. एक दिवस तो ओशाळून आला. "मावशी, ती सीडी दोन दिवस घरी नेऊ? एकेक गाणं असं सुटं ऐकलं की भारी वाटतं."

मला तर त्याची दयाच आली. तो गेल्यावर मी म्हटलं, "झाला की गं सरळ! आता तू त्याला माफ करणार, लाव पैज. मी हरले तर हॉलमधल्या सगळ्या चटया मी धुणार."

"लाव," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने पर्समधून सीडी काढली आणि त्याच्या हातात ठेवली. "ने रे बाळा, ने. सावकाश ऐक." आवाज नुसता मधात घोळलेला. मी दाराआड हात उंचावून नाचून घेतलं.

अल्बम परत आला तो तोंड पाडून. "मावशी, बाकी सगळं छान वाजतं. रुसकीच तेवढी चढते, गप्प होते, आणि तिथंच अडकते. फुटतच नाही. रात्रभर डोक्यात तशीच लटकून राहिली."

"हो का? कमाल आहे," मावशी म्हणाली आणि वर्गात गेली. आत रुसकी ठणठणीत फुटली, कारण वर्गाची सीडी प्लेयरमध्येच होती. त्याच्यासाठी तिने दुकानातून मुद्दाम तशीच दुसरी आणली होती, आणि केसातली पिन वापरून एक संध्याकाळ तिच्यावर मन लावून काम केलं होतं.

चटया भिजल्यावर किती जड होतात, ते मला तेव्हा कळलं.