माळकऱ्याचा गंजका खिळा

उभ्या बीड जिल्ह्यात गळ्यात तुळशीची माळ घालून स्कॉचचं कॉकटेल बनवणारा एकच माणूस असेल, आणि मी शिरूर कासारच्या शाळेत शिकवत होतो तेव्हा तो माझा घरमालक होता. मुंबईतल्या एका बड्या हॉटेलात त्यांनी तीस वर्षं बारच्या काउंटरमागे काढली, हजारो पेले भरले आणि त्यातला एक थेंबही कधी जिभेला लावला नाही. "मुंबईला गेलतो तवा आईनं भ्यानं माळ घातली. हाताला चालतं, तोंडाला न्हाई," असा त्यांचा नियम. गिऱ्हाइकांचे चेहरे बघून ते चव ओळखायचे. भुवया वर गेल्या की मध कमी, ओठ चाटले की मध जास्त, आणि डोळे आपोआप मिटले की बरोबर.

नोकरी संपली, त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्या, तरी हात काही स्वस्थ बसेनात. दर रविवारी दिवेलागणीला ओसरीवर पाट मांडून ते एकच कॉकटेल बनवायचे, रस्टी नेल. आमच्यासाठी गंजका खिळा. दोन भाग स्कॉच आणि एक भाग मधाचं गोड मद्य. हे मद्य विलायतेचं, शिरूरला ते कुठून मिळणार? म्हणून लोणच्याच्या बरणीत डोंगरातला मध, बडीशेप, जायफळ आणि केशर स्कॉचमध्ये मुरत पडलेलं असे. वीज टिकली तर स्टीलच्या वाटीत बर्फाचा एक गोळा जमायचा. नाही जमला तर त्या रविवारी सगळं रद्द आणि रात्रीपर्यंत चेहरा उतरलेला. एकदा मी चमचा जोरात फिरवला तर हातावर चापट बसली. "हळू ढवळायचं असतंय सर. घुसळायला ताक हाय का ते?"

पेला हाती यायच्या आधी इतिहास ऐकावा लागे. "स्कॉटलंडचा एक राजपुत्र लढाई हारला अन् डोंगरात लपत हिंडला. धरून देणाराला लई मोठं बक्षीस, पर एका गरिबानंबी तोंड उघडलं न्हाई. कावून हासता? आपल्याकडं असता तर दुपारच्या एसटीनं बीडला जाऊन सांगून आलं असतं कुणीतरी!" निघताना राजपुत्राजवळ द्यायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून त्याने आसरा देणाऱ्याला आपल्या मधाच्या मद्याची कृती दिली. पुढे फार उशिरा अमेरिकेतल्या बारवाल्यांनी त्या मद्यात आणखी स्कॉच घातली आणि हे विचित्र नाव पाडलं. राजपुत्र समुद्रापार गेला तो राजा होऊन काही परतला नाही. त्याची माणसं मात्र दुसऱ्याच राजाच्या नावाने पेला उचलावा लागला की तो गुपचूप पाण्याच्या भांड्यावरून फिरवायची. पाण्यापल्याडच्या आपल्या माणसासाठी. म्हणून आमच्या पाटावरही पाण्याने भरलेलं पातेलं असायचंच.

चव सांगणारा माणूस मिळवणं हीच त्यांची खरी चिंता होती. गल्लीतल्या एका मुकादमाने एकदा पेला एका घोटात संपवून "खोकल्याचं औषध हाय का वो?" असं विचारलं. त्याच्याशी ते वर्षभर बोलले नाहीत. दिवाळी सरली की गल्लीतली बहुतेक घरं ऊसतोडीला जायची, दारांना कुलपं लागायची आणि मग उरायचो मी. "तुमी न्हाई प्यालात तर मला कसं कळायचं, झालंय का न्हाई?" ते म्हणायचे. मी दर वेळी "झकास" म्हणून मोकळा व्हायचो. आज त्याची लाज वाटते.

मग माझी अंबाजोगाईला बदली झाली. शेवटच्या रविवारी गल्ली ओस पडली होती. पेला देताना ते माझ्या तोंडाकडेच बघत होते.

"सर, आज झकास म्हणू नका. तीस वर्षं लोकांची तोंडं बघितली. नीट सांगा, कसं लागतंय?"

मी पेला पाण्यावरून फिरवला, घोट घेतला आणि पहिल्यांदाच मन लावून चव पाहिली. "आधी गोड लागतं. मग चुलीचा धूर घशात जातो. मग पोटात ऊब येते आणि कुणाशी तरी बोलावंसं वाटतं."

त्यांनी माळेचे मणी चाचपले. "म्हंजी एकट्यानं प्यायचं न्हाईच हे," एवढंच म्हणाले.

अंबाजोगाईत मी एक खोली घेतली आहे. अजून इथे कुणाशी फारशी ओळख नाही. परवा रविवारी त्यांचा फोन आला.

"केलतं आज. तुमच्या नावानं पाण्यावरून फिरवलं अन् जास्वंदीला घातलं. तुळशीला न्हाई बरं का!"

"कसं झालं होतं?" या वेळी मी विचारलं.

"तुमचं तोंड दिसलं असतं तर सांगितलं असतं," ते म्हणाले.

मी इकडे डोळे मिटूनच बसलो होतो. पण ते त्यांना दिसणार कसं?