वसुधा मॅडमच्या तीन वाट्या

वसुधा मॅडम आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या त्या दिवशी मी त्यांना चहा दिला. एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, "अजून एक कप मिळेल? साखर थोडी कमी घालून. आणि कोणता कुठला ते मला सांगू नका." मी मनात म्हटलं, बाई पहिल्याच दिवशी दोन कप चहा उपटतेय. त्यांनी दोन्ही कपांतला एकेक घोट घेतला, मध्ये पाण्याने चूळ भरली आणि निकाल दिला, "डावीकडचा बरा. पण तुम्ही पातेलंही बदललंत, त्यामुळे साखरेबद्दल काहीच सिद्ध होत नाही."

लातूरच्या एका कॉलेजात त्या अन्नतंत्रज्ञान शिकवत. लग्न केलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "तुलनेला दुसरा नमुना मिळाला नाही." लग्नाच्या पंगतीत वरण आणि भाजीच्या मध्ये त्या चूळ भरायला उठत, तेव्हा वरमाईचा चेहरा बघण्यासारखा होई. जेवण कसं झालंय असं विचारलं की आपल्याकडे छान म्हणायची रीत. मॅडम उलट विचारत, "कशाच्या मानाने?"

त्या काळातली मी म्हणजे काय सांगावं! पन्नाशी ओलांडलेली, बचत गटाची अध्यक्ष, पाठीला बाक यायला लागलेला, तरी मान मात्र ताठ. कारण माझं येसर. धान्यं, डाळी आणि मसाले भाजून दळायचं, पाण्यात कालवून फोडणीत उकळलं की लग्नाची आमटी तयार. ते मला सासूबाईंनी शिकवलं. माझी धाकटी जाऊ शकुंतला, माहेर मुखेडचं, तिचं म्हणणं की खरं प्रमाण सासूबाईंनी शेवटच्या आजारपणात तिच्या कानात सांगितलं. एवढ्यावरून आमच्या चुली वेगळ्या झाल्या, मग सणही वेगळे झाले. गटाने येसराची पाकिटं विकायचं ठरवलं आणि प्रश्न आला, कुणाचं येसर? जिचं पाकिटात जाईल तीच सासूबाईंची खरी वारस, हे दोघींनीही न बोलता गृहीत धरून टाकलं.

मी मॅडमना पंच नेमलं. मनात म्हटलं, माझ्याच भाडेकरू आहेत, जातात कुठे!

मॅडमनी मंगल कार्यालयात जुन्या साड्यांचे पडदे बांधून खण केले. एकेका खणात एकेक बाई, समोर आमटीच्या दोन वाट्या, वाट्यांवर फक्त आकडे. कुठला आकडा कुणाचा हे मॅडमनाच ठाऊक. पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत एका पडद्यातून हाक आली, "सरूबाई, तुला कंचं आवडलं गं?"

"बोलायचं नाही!" मॅडम ओरडल्या.

"बोलल्याबिगर घास उतरतंय व्हय मॅडम?"

निकाल लागला. माझं येसर दणदणीत जिंकलं. मी लगेच पेढे आणायला माणूस धाडला. मॅडम मात्र सरूबाईंना कोपऱ्यात घेऊन विचारत होत्या, "हेच का आवडलं?"

"पाचशे एक हाय की मॅडम! शकुनाचा आकडा. दुसरीवर सहाशे चाळीस. शेवटी शून्य हाय त्याला कोण बोट लावंल? अध्यक्षबाईच्या गटाचं शुभकार्य हाय."

मॅडमनी निकाल रद्द केला. "अहो, मी जिंकले होते!" मी पेढ्याचा पुडा हातात धरून ओरडले.

"तुम्ही नाही. तो वरचा एक जिंकला."

भाडं वाढवायचं मी त्याच क्षणी पक्कं केलं. वाढवलं नाही, पण आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

पुढच्या खेपेला दर बाईपुढे तीन वाट्या आल्या. दोन एकीच्या, एक दुसरीची. वेगळी कोणती तेवढंच ओळखायचं. आकडे बदललेले, आणि दर बाईला वाट्यांचा क्रमही निराळा. शेवटी मॅडमनी आम्हा दोघींनाही बसवलं. मी पहिल्याच वाटीला नाक मुरडलं, "ही शकुंतलेची. लांबूनच कळतंय, धने करपलेत." ती माझी निघाली. पडद्यापलीकडे शकुंतला खदखदून हसली आणि लगेच स्वतः चुकली.

"डोळे मिटून बोट ठेवलं तरी तिनात एकदा बरोबर येतंच," मॅडम म्हणाल्या. "तुम्हा सगळ्यांचं त्याहून वर काही गेलेलं नाही."

"म्हणजे दोन्ही एकच?" शकुंतलेचा आवाज रडवेला झाला.

"फरक नाही असं मी म्हणत नाही. मला सापडला नाही."

त्या शेवटच्या वाक्याला आम्ही दोघी वर्षानुवर्षं लोंबकळलो. आहे म्हणजे, फक्त सापडला नाही! पाकिटावर दोघींची नावं आली. आधी कुणाचं यावरून पुन्हा जुंपली, तेव्हा मॅडमनी निम्म्या पाकिटांवर माझं आधी आणि निम्म्यांवर तिचं आधी छापायला लावलं. दुकानात गेले की मी माझं नाव आधी असलेली पाकिटं पुढे सरकवून ठेवायची. दुसऱ्या दिवशी ती मागे गेलेली असायची.

निवृत्त झाल्यावर मॅडम नांदेडला भावाकडे गेल्या, आणि यंदा उन्हाळ्यात वारल्या. मी एसटीने गेले. पुढच्या बाकावर शकुंतला. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून डबा न्यायचा. तिच्याही मांडीवर डबा होता. झाकणं बंद होती तरी येसराचा वास दोन्हींतून येत होता.

मॅडमच्या भावजयीने दोन्ही डबे उघडले आणि आम्ही तोंड उघडायच्या आत दोन्हींतली आमटी एकाच पातेल्यात ओतली. पंगत बसली. मॅडमचे म्हातारे भाऊ दोन दिवस जेवले नव्हते म्हणे. त्यांनी भाकरी कुस्करली, आमटी ओतून घेतली, सगळी संपवली आणि ताट पुढे केलं.

शकुंतला माझ्या कानाशी लागली, "अक्का, तुमच्यात मीठ कमी व्हतं. आता बराबर झालंय."

"तुझ्यात जास्त होतं," मी म्हटलं, आणि पळी घेऊन आधी तिला वाढली.