तिसरी कॅप

आमच्या मिस्त्रींचं आणि माझं कधी पटलं नाही, आणि एकमेकांवाचून कधी चाललंही नाही. रस्त्याच्या एका बाजूला त्यांची शेड, दुसऱ्या बाजूला माझं क्रँक घासायचं मशीन. ते इंजिनातून क्रँक काढतात, मी तो घासून मापात आणतो, ते परत बसवतात. अठ्ठावीस वर्षं हेच चाललंय. मी दिवसभर 'पॉइंट झिरो एक, पॉइंट झिरो दोन' करत असतो म्हणून त्यांनी मला 'पॉइंट' नाव ठेवलं. आता माझी बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणते.

क्रँक म्हणजे इंजिनाच्या पोटातला जड, वाकडातिकडा दांडा. आमच्याकडे येणाऱ्या इंजिनांत तो पाच कॅपांखाली, म्हणजे लोखंडी कमानींखाली, दाबून बसवलेला असतो. प्रत्येक कॅप आपल्याच जागी आणि त्याच तोंडाने परत गेली पाहिजे, नाहीतर क्रँक आवळून बसतो. बाकीचे लोक कॅप काढताना फोटो घेतात. मिस्त्री कॅपच्या पुढच्या अंगाला पंचाने ठिपके मारतात, पहिलीला एक, पाचवीला पाच. बसवताना बघायचं नाही. तेलाने माखलेली कॅप उचलायची, अंगठा फिरवायचा आणि ठेवायची. एकेक कॅप आवळली की क्रँक हाताने फिरवून बघायचा, मोकळा फिरला तर पुढची. मी याला नाटक म्हणत आलोय, पण मनातून मला त्या अंगठ्याचा हेवा वाटायचा.

हल्ली ते फार थकलेत. बसले की उठवत नाही आणि उठले की पाठ धरते. त्यांची मुलगी शाळेची व्हॅन चालवते. दोन वर्षं ती मागे लागली आहे, बाबा, आता बस करा. त्यांचं उत्तर ठरलेलं, "हात चुकेल त्या दिवशी पाना खाली ठेवीन." त्यात तिच्याच व्हॅनचं इंजिन खोलायला आलं. तिला सोमवारी मुलं न्यायची होती.

माझं म्हणाल तर माझेही दिवस बरे नव्हते. दोन महिन्यांत दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली. तुमचं माप चुकतं, म्हणाले. मी चष्मा बदलला, मायक्रोमीटर तपासून आणला, एकेक क्रँक तीनतीनदा मोजू लागलो. मिस्त्री आणि मी, दोघांपैकी एकाचं काम संपत आलं होतं आणि ते माझंच असणार अशी मला खात्री वाटू लागली होती.

शनिवारी दुपारी त्यांनी हाक मारली. व्हॅनचा क्रँक दोन कॅपांपर्यंत मोकळा फिरत होता, तिसरी आवळली आणि थांबला.

"पॉइंट, तू माप जास्त ठेवलंस," ते म्हणाले.

"तीनदा मोजलाय."

"मग चौथ्यांदा मोज."

माझं डोकं फिरलं. त्यांनी कॅपा सोडल्या, आम्ही दोघांनी क्रँक उचलला आणि मी तिथेच मोजला. माप अगदी बरोबर होतं. मग मी तिसरी कॅप फडक्याने पुसली. तीन ठिपके होते, ठसठशीत. इंजिनाच्या ब्लॉकवर तेलात तिचा ठसा उमटला होता, त्यावर ती जुळवून धरली. ठिपके मागच्या बाजूला येत होते. कॅप उलटी बसवली होती.

क्रँक परत ठेवला, कॅपा सुलट्या बसवल्या, आवळल्या आणि फिरवला. एका बोटाने फिरला.

"उलटी होती ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

ते स्टुलावर बसले आणि अंगठा बोटांवर घासत राहिले. "ठिपके लागतच नाहीत रे हाताला. वर्ष होत आलं. अंदाजाने बसवतो."

"मग बघून बसवायच्या ना, मिस्त्री."

"बघितलं की कळतं ना, की हात गेला." पुढे म्हणाले, "हे तिसऱ्यांदा झालं. आधीच्या दोघांना मी सांगितलं, ग्राइंडिंग चुकलंय."

मला राग यायला हवा होता आणि आलाच, चांगला कानशिलापर्यंत आला. माझी गिऱ्हाइकं या माणसाने घालवली होती आणि मी वेड्यासारखा चष्मे बदलत बसलो होतो. माझे डोळे धड आहेत याचा आनंदही व्हायला हवा होता. तो काही केल्या होईना.

तेवढ्यात मुलगी आली. क्रँक फिरताना बघून खूश झाली. "काका, झालं का? काय अडलं होतं?"

माझ्या ओठांवर आलं होतं की माझंच माप चुकलं होतं. आणखी एकदा चुकलं तर काय बिघडणार होतं? पण मिस्त्रीच बोलले.

"मी कॅप उलटी बसवली. पॉइंटने पकडलं. इंजिन असंच दुसऱ्या गॅरेजला ने, पुढचं त्यांना करू दे."

दोन वर्षं हेच मागणाऱ्या त्या मुलीने खाली वाकून बोल्ट मापात आवळायचा टॉर्कचा पाना उचलला. "तुम्ही सांगा, बाबा. पुढचं मी आवळते."

"नको," ते म्हणाले. "तुझ्या गाडीत मुलं बसतात."