एका वेळी एकच डबा

शेजारच्या बोकारे काकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसले होते. मला वाटलं, शनिवारचं विचारायलाच केलाय. शनिवारी बोकारे काका चेकअपला गेले की मी त्यांच्या गॅरेजमधले बंदुकीच्या पावडरचे डबे उचलून आणायचे, असं आम्हा दोघींचं ठरलं होतं. चोरीच ती, दुसरं काय! म्हणून फोन उचलल्या उचलल्या म्हटलं, "काकू, लक्षात आहे माझ्या, येतेय मी." काकू म्हणाल्या, "आता नको येऊस त्यासाठी. हे गेले. सकाळी उठवायला गेले तर..." दीड महिना होऊन गेला त्याला. रोज लिहायला बसते आणि काहीतरी काम काढून उठते. आज उठायचं नाही असं ठरवलंय.

डॉ. प्रभाकर बोकारे मूळचे वर्ध्याचे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत आले, टेक्सासमधल्या एका छोट्या गावच्या हॉस्पिटलात जन्मभर लोकांना भूल देत राहिले आणि रिटायर झाल्यावर त्याच राज्यातल्या फ्रिस्को शहरात घर घेतलं. आम्ही दोन हजार तीन साली त्यांच्या शेजारी राहायला आलो, त्याआधीच मंडळाच्या गणपतीत त्यांची ख्याती माझ्या कानावर आली होती. "डॉक्टर असून हरणं मारतो गं!" असं सांगणाऱ्या बाईनेच पुढे त्यांच्याकडे हरणाचा रस्सा दोनदा मागून घेतला, तो भाग वेगळा. मी एकदा काकूंचं पातेलं परत करायला गेले, तर हा माणूस गॅरेजमध्ये एकटाच उभा राहून एका डब्यावरचं लेबल मोठमोठ्याने वाचत होता. मला पाहून लाजायचं सोडून विचारलं, "काय काम करते तू?" म्हटलं, सॉफ्टवेअर टेस्टिंग. "म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढते." मी म्हटलं, "हो, आणि त्याचा पगार घेते." हसले. "मग बस इथे. मला अशीच बाई पाहिजे होती." त्या दिवसापासून मी त्यांची टेस्टिंगबाई झाले, आणि माझे शनिवार त्या गॅरेजचे झाले.

काका आपली काडतुसं स्वतः भरायचे. रिकामी पितळी पुंगळी साफ करायची, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टिकली बसवायची, आत पावडर मोजून घालायची आणि प्रेस नावाच्या हातयंत्राचा दांडा ओढून तोंडाशी गोळी घट्ट बसवायची. मला वाटायचं, विकत मिळतं ते सगळं, कशाला हा उपद्व्याप? पण बघता बघता मलाही गोडी लागली. त्यांचा कायदा एकच, टेबलावर एका वेळी एकच डबा. दुसरा डबा फळीवरून खाली येणारच नाही. आणि लेबल मोठ्याने वाचायचं. डबा काढताना, ओतायच्या आधी, आणि परत ठेवताना. ऐकणाऱ्याने प्रत्येक वेळी "ऐकलं" म्हणायचं. ही ऑपरेशन थिएटरमधली सवय. समोरची नर्स "ऐकलं" म्हटल्याशिवाय त्यांनी कधी कोणाला सुई टोचली नव्हती. काकू आतून टोमणा मारायच्या, "देवापुढे कधी इतकं मन लावून बसले नाहीत." एकदा मी म्हटलं, "काका, दोन्ही पावडरी सारख्याच तर दिसतात, करड्या तिळासारख्या." त्यावर शांतपणे म्हणाले, "साखर आणि मीठही सारखंच दिसते, बाई. चहात टाकून पाहा."

मग त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. जुन्या रायफलीचा धक्का सोसवेना, म्हणून आपोआप काडतूस भरणारी नवी रायफल घेतली. तिचा धक्का कमी लागतो. गोळी तीच वापरायची होती, त्यामुळे पावडरही तीच चालेल असं मी गृहीत धरलं, आणि त्या गृहीत धरण्याची शिक्षा त्यांनी मला अख्खा महिना दिली. "काहून चालेल? आधीच्या रायफलीत रिकामी पुंगळी मी हाताने खेचून काढत होतो. ही स्वतः काढते. गोळी पुढे जाते, तेव्हा मागच्या गॅसातला थोडासा ही उचलते आणि त्याच्या जोरावर सगळं यंत्र हलवते. आपली जुनी पावडर जळते सावकाश. तिचा जोर नळीच्या पुढच्या टोकाशीही उरतो, तो या यंत्राला सोसत नाही, आपटून आपटून खराब होते बिचारं. फार भरभर जळणारी घेतली तर सगळा जोर सुरुवातीलाच, तेही नको. हिला मधली पाहिजे." मग थोडं थांबून म्हणाले, "जो पेशंट स्वतः श्वास घेतोय, त्याचं औषध जास्त जपून निवडायचं असते." रात्रंदिवस पुस्तकं चाळली, कंपनीला फोन करून शंका विचारल्या, आणि शेवटी एक डबा आणला. तोही पुस्तकातल्या सगळ्यात कमी मापापासून सुरू केला. मी कंटाळून म्हटलं, थोडं पुढून सुरू करू या ना, तर डोळे वटारले. "हुशारी नाही करायची. हुशार माणसांचे पेशंट लवकर मरतात." जुना डबा त्याच दिवशी घराबाहेर गेला.

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. हरणांचा सीझन तोंडावर आला होता. काकांनी फळीवरून डबा काढला आणि लेबल वाचलं. डबा नव्या पावडरचाच होता, पण तोंडातून नाव आलं त्या जुन्या पावडरचं, जी कित्येक वर्षांत त्या घरात नव्हती. मी "ऐकलं" म्हटलं नाही. ते थांबले. पुन्हा वाचलं. पुन्हा तेच नाव. मी गप्पच. त्यांनी चष्मा पुसला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "काय वाचलं मी?" मी सांगितलं. "दोन्ही वेळा?" म्हटलं, हो, दोन्ही वेळा. त्यांनी डबा परत फळीवर ठेवला आणि आत हाक मारली, "निर्मला, चहा टाक." चहा पिताना आम्ही माझ्या मुलीच्या शाळेबद्दल बोललो. पुढच्या शनिवारी मी गेले तर दारातच म्हणाले, "आता गॅरेज गार पडते. तू नको येत जाऊ." मला राग आला. चूक काढायलाच बसवलं होतं ना मला, मग काढली तर दार बंद? घरी येऊन नवऱ्यावर उगाच भडकले.

थोड्याच दिवसांत डॉक्टरांनी त्या विसरण्याला नाव दिलं. ते नाव मला इथे लिहावंसं वाटत नाही. काका मात्र हिवाळाभर गॅरेजमध्ये बसत राहिले. काकू मला फोन करून दबक्या आवाजात सांगायच्या, "बसलेत बघ. खटक खटक चाललंय." प्रेसचा तो आवाज ऐकत बाई स्वयंपाकघरात जीव मुठीत धरून उभी असायची. चुकीचं काही भरलं आणि उद्या बार उडवला, तर रायफल फुटेल, डोळे जातील, जीवही जाईल. त्यांचा सिअ‍ॅटलला राहणारा मुलगा म्हणाला, "मॉम, जस्ट लॉक इट." काकू मला म्हणाल्या, "त्याला सांगायला काय जातं? जन्मभर दुसऱ्याला औषध किती द्यायचं ते यांनी मोजलं. आता तुमच्यावर भरवसा नाही, हे कोणी सांगायचं? मी?" तेच तर होतं सगळं. डबे उचलणं म्हणजे, तुम्ही आता ते बोकारे डॉक्टर उरला नाहीत, असं त्यांच्या तोंडावर सांगणं. म्हणून मग चेकअपचा शनिवार ठरला, ते घरात नसताना. तो शनिवार उगवायच्या आधीच ते गेले.

गेल्या आठवड्यात काकू म्हणाल्या, चल, एकदाचं ते गॅरेज बघू. त्या दारातच उभ्या राहिल्या, मी आत गेले. टेबल पुसलेलं, प्रेसवर फडकं घातलेलं. फळीवर काडतुसांचे खोके ओळीने लावलेले, हिवाळाभराचं काम. डबा मात्र एकही नव्हता. मी एक खोका उघडून एक काडतूस उलटं केलं. बुडाशी टिकली नव्हती, नुसतं भोक. कानाशी हलवलं. आत काहीच वाजलं नाही. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं, दुसरा खोका उघडला... सगळी पोकळ. गोळ्या मात्र एकीसारखी एक, घट्ट बसवलेल्या. मी विचारलं, "काकू, डबे कुठे गेले?" त्या गोंधळल्या. "मला काय माहीत? दिवाळीच्या सुमाराला मागच्या वाफ्यांत काहीतरी भुरभुरत होते. मी विचारलं तर म्हणाले, खत आहे."

मी तिथेच स्टुलावर बसले. नको असलेली पावडर मातीत पातळ पसरून टाकायची, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. म्हणजे मी गप्प राहिले त्या शनिवारनंतर लगेचच त्यांनी स्वतःच्या हाताने सगळे डबे रिकामे केले होते. कोणाला काढून घ्यायची वेळच येऊ दिली नाही. मला येऊ नको म्हणाले ते रागाने नव्हे, आता मी "ऐकलं" म्हणावं असं वाचण्यासारखं काही उरलंच नव्हतं म्हणून. त्यानंतरची ती सगळी खटक खटक नुसत्या हातांची होती. मी खूप रडले. आम्ही दोघी शहाण्या बाया त्यांच्या मागून कट करत होतो, आणि हा माणूस आमच्या कितीतरी पुढे निघून गेला होता...

"काय लिहिलंय गं त्याच्यावर?" काकूंनी दारातून विचारलं. प्रत्येक खोक्यावर काका लेबल लावायचे. मी डोळे पुसले आणि त्यांच्यासारखंच मोठ्याने वाचलं. गोळी कोणती ते लिहिलं होतं, पुंगळी कोणती ते लिहिलं होतं, सगळं इंग्रजीत. फक्त पावडरच्या ओळीत, थोड्या थरथरत्या अक्षरात, मराठी शब्द होता. "पावडर, निरंक."

काकू आयुष्यात पहिल्यांदाच त्या गॅरेजची पायरी उतरून आत आल्या, माझ्या हातातल्या खोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ऐकलं."