दुपारची सभा

एसटीत पुढे जागा असली तरी नानाजी मागे जाऊन बसत. रस्त्यावरून बस गेली की आत किती माणसं उभी आहेत ते पाहत आणि स्वतःशीच पुटपुटत. बोलताना उजव्या हाताची दोन बोटं मिटत, उघडत. तिकिटाला पंच मारायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. चहा आला की आधी बशी समोरच्याकडे सरकवत. पेपर शेवटच्या पानापासून वाचत. कुणाचं बोलणं मधेच तोडत नसत. आणि कुणी ‘समाजवाद’ म्हणालं की विचारत, “कोनता?”

मेडशीहून आत गेलं की त्यांचं गाव. जन्मभर त्यांनी कंडक्टरी केली, कामगार संघटनेत राबले, संपात पगार गमावले, मिळेल ते वाचलं. निवृत्त झाल्यावर गावालगतचं वावर कसू लागले. दुपारी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर त्यांची बैठक असे. वैष्णवी एम. ए. करून गावात परतली होती. पुढच्या परीक्षेसाठी तिला समाजवाद हा विषय समजून घ्यायचा होता. टपरीवर बसणारी ती गावातली एकटीच मुलगी. नानाजींना त्याचं काही वाटत नसे.

“पाह्य वैष्णवी,” ते म्हणाले, “एक गाडी हाय असं समज. मालक एक, चालवनारे दुसरे, उभ्यानं जानारे तिसरे. हे बरोबर नाही, इथपर्यंत सगळे समाजवादी एकाच गाडीत. पुढं फाटे फुटतात. पहिले स्वप्नाळू. ते म्हने, आपन एक चांगली गाडी बांधून दाखवू, मालक पाहून सुधरतील. मार्क्सवाले म्हने, मालक पाहून सुधरत नसते, त्याचं पोटच त्या गाडीवर हाय. कामगारानं डेपो ताब्यात घ्यावा.”

“घेतला होता म्हनतात कुठं कुठं,” उकंडराव म्हणाले. गावात सगळ्यात मोठी शेती त्यांची, आणि सगळ्यात मोठा आवाजही.

“घेतला. पन चाव्या पक्षाच्या साहेबाजवळ राह्यल्या. म्हनून लोकशाहीवाले म्हनतात, घाई नको. निवडून या, कायदा करा, गाडी सरकारी करा, म्हातारीले अर्धं तिकीट द्या. आनखी एक जात हाय. ते म्हनतात, सरकारी साहेब कायले पाह्यजे? डायवर, कंडक्टर, मेकॅनिक बसतील अन् ठरवतील. अन् आपले गांधीवाले. ते म्हनतात, मालक राहू द्या, पन त्यानं गाडी लोकांची ठेव समजून चालवावी.”

“अन् गाडी पंचर झाली त?”

“तवा सगळे खाली उतरून एकमेकाले दोष देतात. तिथं काही मतभेद नाही.”

उकंडराव इतके हसले की चहा त्यांच्या धोतरावर सांडला.

“नानाजी, तुम्ही यातले कोणते?” वैष्णवीनं विचारलं.

“मी लोकशाहीवाला. पन एक गोष्ट मार्क्सवाल्याची घेतली. ज्याची जेवढी गरज, तेवढं त्याले आधी.”

हे ते नुसतं बोलत नव्हते. गावानं आणि शेजारच्या तांड्यानं मिळून सोयाबीन काढायचं मळणीयंत्र घेतलं होतं, ते नानाजींच्याच खटपटीनं. त्याची शेड तांड्यातल्या रूपलानं आणि त्याच्या भावकीनं उभारली. नानाजी समितीचे अध्यक्ष झाले. नंबर कसा लावायचा ते दर हंगामाला सगळ्यांनी बसून ठरवायचं, हा नियम त्यांनीच घातला.

यंदा सोयाबीन सोंगणीला, म्हणजे कापणीला आलं. कापलेल्या पेंढ्यांच्या गंजी, सुड्या, वावरावावरांत लागू लागल्या आणि आभाळ भरून येऊ लागलं. उकंडराव म्हणाले, आजच सभा घ्या. नानाजींनी दुपारी मारुतीच्या देवळात सभा बोलावली. तांड्यातलं कुणी आलं नाही.

“थांबायचं का त्यांच्यासाठी?” वैष्णवीनं विचारलं.

“आभाळ थांबते का?” उकंडराव म्हणाले. “गावाजवळच्या सुड्या आधी काढा. मंग टेकडीकडं जाऊ. डिझेल वाचते, टाइम वाचते.”

टेकडीकडची वावरं तांड्याची. तांड्याला ऊसतोडीला जायचं होतं, मुकादमाचा ट्रक कोणत्याही दिवशी येणार होता. ज्याला निघायचंय त्याची सुडी आधी काढायला हवी, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. नानाजींना तर आधी कळलं. त्यांचं वावर गावालगत होतं, उकंडरावांच्या नियमानं त्यांचा नंबर दुसरा लागत होता. त्यांची बोटं मिटली, उघडली.

“मताले टाका,” ते म्हणाले.

उकंडरावांच्या बाजूनं हात वर झाले. अध्यक्षानं हात वर करायचा नसतो, म्हणून नानाजींनी केला नाही. घरी जाताना त्यांना हलकंसुद्धा वाटलं. रीतसर झालं होतं सगळं.

यंत्र त्यांच्या खळ्यावर आलं त्या दिवशी रूपला धावत आला. धुरळ्यात त्याला मोठ्यानं बोलावं लागलं.

“नानाजी, उद्या ट्रक येते. आमची सुडी आज होईन का?”

“नंबर ठरला ना बापा. मतानं ठरला.”

“कवा?”

“सोमवारी. दुपारच्या सभेत.”

रूपला म्हणाला, “सोमवारी दुपारी त मी तुमच्याच वावरात सोंगून राह्यलो होतो.”

त्यात टोमणा नव्हता. तो आठवून सांगत होता. आपण सभेत बसलो तेव्हा आपलं सोयाबीन कोण कापत होतं, हे नानाजींच्या मनातही आलं नव्हतं. यंत्र थांबवायला नुसता हात वर करावा लागला असता. समोर दाणे पडत होते. हात वर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. रूपलाच्या बायकोनं, हिरीबाईनं, सुडीवर ताडपत्री टाकून दगड ठेवले होते. भांडी, लेकरं, कोयते ट्रकमध्ये चढले. नानाजी रस्त्याच्या कडेला उभे होते.

हिरीबाई वरून हसत म्हणाली, “नानाजी, तुमच्या त्या गोष्टीतल्या गाडीत आमची सीट कोनती व्हय?”

ट्रकमधली माणसं हसली. नानाजीही हसले. ते हसू कितीतरी दिवस त्यांच्या तोंडात कडू राहिलं.

यंत्र टेकडीवर जायला मोकळं झालं, पण मालकानं सुडीवर नारळ फोडल्याशिवाय पहिली पेंढी यंत्रात टाकायची नाही, ही तिकडची रीत. परक्याच्या सुडीला कुणी हात लावत नाही. सगळ्यांना ही सबब बरी पडली. मग पाऊस आला आणि मुक्कामाला राहिला. वाऱ्यानं ताडपत्री फाटली. आत सडत चाललेल्या सुडीतून वाफ निघू लागली.

नानाजींनी टपरीवर जाणं बंद केलं. तांड्यावरून जाणारा रस्ता सोडून ते लांबून येऊ लागले. जेवताना ताटाकडे पाहत बसत.

“आपल्यातले पोते द्या त्याले,” त्यांच्या पत्नी गोजराबाई म्हणाल्या. “कायले असे झुरून राह्यले?”

“दिले त मी दाता झालो, अन् तो घेनारा. त्याचे दाने नाही घेतले मी. त्याचा नंबर घेतला.”

“मंग नंबर द्या बाप्पा. पन जेवा आधी.”

नंबर परत द्यायचा म्हणजे सभा पुन्हा घ्यायची आणि तो ठराव चुकला हे सगळ्यांसमोर म्हणायचं. ते उकंडरावांकडे गेले.

“मत झालं ना?” उकंडराव म्हणाले. “का तुमच्या लोकशाहीत पटलं नाही त पुन्हा मत घेतात?”

“ज्याचं ठरवलं, तो नव्हता तिथं.”

“असता तरी हरलाच असता. आपले हात जास्त होते.”

नानाजी उठून निघाले. परतताना त्यांना कळलं की उकंडराव खरं बोलले. सभा संध्याकाळी घेतली असती तरी रूपला हरला असता. एकच माणूस ते वळवू शकत होता. आयुष्यभर समाजवादाच्या सगळ्या वाटांची तुलना केलेल्या त्या माणसानं मताच्या पाठीमागे तोंड लपवलं होतं.

त्यांनी रूपलाला फोन लावला. तो उसाच्या फडात होता.

“रूपला, ती सभा मी...”

“राहू द्या नानाजी. तुमी थोडाच पाऊस पाडला?”

या चांगुलपणापुढे मनातलं सांगायचं सोडून नानाजींनी विचारलं, “मी उघडू का तुझी सुडी? जे वाचते ते वाचवतो.”

“उघडा. नारळ तुमीच फोडा.”

ऊन पडल्यावर त्यांनी नारळ फोडला. भिजलेलं यंत्रात चालत नाही, म्हणून पेंढ्या सोडवून वाळवल्या, काठीनं झोडपल्या, काळे दाणे सुपानं वेगळे केले. वैष्णवी मदतीला गेली तर म्हणाले, “नको पोरी. हे माह्यं हाय.” रोज दुपारी खळ्यावर बसून ते फोन हातात घेत, रूपलाचं नाव काढत आणि फोन पुन्हा खिशात ठेवत.

एका सकाळी गोजराबाईंनी हाक मारली तेव्हा नानाजी उठले नाहीत. झोपेतच गेले, डॉक्टर म्हणाले.

वैष्णवी टेकडीवर गेली तेव्हा सुडी अर्धी झाली होती. एका बाजूला निवडलेल्या दाण्यांची पोती तोंड बांधून उभी होती. दुसऱ्या बाजूला काळवंडलेल्या पेंढ्या पडल्या होत्या, काही सोडवलेल्या, काही तशाच. त्या सभेत आपण मताच्या आड लपलो, हे नानाजींनी रूपलाला शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं.