सकाळच्या पुड्या

माझ्या आईला चार लाख लोक मुळा म्हणून ओळखतात. कोरियातल्या गुन्सान शहराच्या बाजारगल्लीत तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पँट आखूड करणं, चेन बदलणं, शाळेच्या गणवेशाची कंबर सैल करणं, हे तिचं काम. नाव ओकबुन, पण आमच्याकडे पोरं झालेल्या बाईला नावाने कोण हाक मारतं? सगळ्यांची ती युनसोची आई. युनसो म्हणजे मी. तिचा मुळा मीच केला.

सरकारी नोकरीच्या परीक्षेत तिसऱ्यांदा आपटले तेव्हा मी अंथरुणातून उठेनाशी झाले. अंघोळ नाही, जेवण नाही. दुपारचे तीन वाजले की छाती धडधडायची आणि मेलेलं बरं असं वाटायचं. मानसोपचाराच्या दवाखान्यात जाते म्हटलं तर आई दारात आडवी.

"तिथे एकदा नाव लागलं की जन्माचं चिकटतं. उद्या पास झालीस आणि त्यांनी जुने कागद काढले तर?"

"पास व्हायला आधी जिवंत राहायला नको का?"

"मग माझ्या नावावर जाऊ दे. मला या वयात कोण नोकरी देतंय, नि कोण मागणी घालतंय?"

असली अक्कल आमच्या गल्लीतच सुचते. तिने माझी लक्षणं पाढ्यांसारखी घोकली आणि स्वतः डॉक्टरपुढे जाऊन बसली. मग दर पंधरा दिवसांनी सकाळ-संध्याकाळच्या गोळ्यांच्या पुड्यांची माळ किमचीच्या, म्हणजे कोबीच्या लोणच्याच्या, डब्याखाली दडवून आणायची. त्यातली संध्याकाळची एक पुडी रोज माझ्या हातावर ठेवायची. "एवढीच?" म्हटलं तर म्हणे, "डॉक्टर चिक्कू आहे."

त्या पुड्यांनी मी उठले. परीक्षेचा नाद सोडला, सोलला गेले, तिथे स्वतःच्या नावावर उपचार सुरू केले आणि फोनवर वाचायची विनोदी चित्रमालिका काढू लागले. आजारी मुलीसाठी वेडाचं सोंग घेणारी आई, हा विषय. आईचा मी मुळा काढला, दोन काटकुळे पाय आणि डोक्यावर कुरळा पाला. मुळा आरशासमोर रडायची तालीम करायचा. दवाखान्यातली फुकटची कॉफी खिशात कोंबायचा. डॉक्टरने भूक लागते का विचारलं तर म्हणायचा, "आत्ताच दोन वाट्या भात चेपला... नाही नाही, घास उतरत नाही हो!" लोक हसून लोळायचे. खाली लिहायचे, मुळ्याला अभिनयाचं बक्षीस द्या. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? तीनदा नापास झालेल्या मुलीच्या चित्रांची लोक दर मंगळवारी वाट बघत होते.

शेजारच्या नूडलवाल्या चुनजा मावशीने एकदा फोनवर सांगितलं, "अगं, तू गेलीस तरी तुझी आई अजून जाते त्या दवाखान्यात." मला वाटलं, आयता विषय मिळाला. मुळ्याला अभिनयाची चटक लागली, असा भाग काढला. आजवर सगळ्यांत जास्त वाचला गेलेला भाग तो.

तो दवाखान्यातल्या नर्सनेही वाचला आणि मुळा कोण ते ओळखलं. पुढच्या खेपेला डॉक्टर आईला म्हणाले, "बाई, तुमची मालिका पाहिली. काम छान करता, पण आता पुरे. गोळ्या मिळायच्या नाहीत."

हेही मला आईने नाही, मावशीने कळवलं, तेसुद्धा दोन महिन्यांनी. "आठवडा झाला, दुकान उघडलं नाही. दार वाजवलं तर भिंतीकडे तोंड करून पडलेली. ये लवकर. आणि याचं चित्र काढू नकोस, तुझ्या पाया पडते."

मी पोचले तेव्हा घरात तांदळाचा दाणा शिजला नव्हता. दुकानापुढे एक बाई पोराच्या गणवेशासाठी भांडत उभी होती, एकच बटण लावायचं राहिलं होतं. मीच लावते म्हणून दुकान उघडून बटणांचा डबा काढला. आत नीट घड्या घातलेल्या रिकाम्या पुड्या. प्रत्येकीवर तारीख, आणि मी सोलला जाईपर्यंतच्या प्रत्येक तारखेपुढे छापलेलं, सकाळ. पहिली पुडी आई पहिल्यांदा दवाखान्यात गेली त्याच आठवड्यातली.

डबा घेऊन मी आईकडे धावले. "या कोणी घेतल्या?"

"मी. तुझं संध्याकाळच्यांवर भागत होतं."

"पण तू तर सोंग..."

"तू शिकवलेलं दोन मिनिटांत संपायचं. डॉक्टर म्हणायचे, आणखी काय होतं? मग मी माझं सांगायचे."

"काय सांगायचीस?"

"आता कशाला? मंगळवारी छापशील."

स्वतःची इतकी किळस मला आजारपणातही आली नव्हती.

चौथ्या दिवशी तिला शेजारच्या इक्सान शहरातल्या दवाखान्यात नेलं, तिच्या नावावर, तिच्यासाठी. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मऊ आवाजात विचारलं, "काय होतंय, आई?"

आईने माझ्याकडे बोट केलं. "ही सांगेल. माझं खरं कोणी धरत नाही."

चौऱ्याऐंशी भाग काढले होते मी तिच्यावर. मी तोंड उघडलं. "झोप लागत नाही. जेवण जात नाही. दुपारचे तीन वाजले की छाती..."

"ते तुझं, युनसो," आई म्हणाली.